आरोग्याची लक्ष्यं आधी संस्थेसाठी ठरवा: विद्यापीठं आणि महाविद्यालयांच्या प्रमुखांना खुलं पत्र

मा. कुलगुरू, प्राचार्य, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक आणि आरोग्य समित्यांच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या काही वर्षांचा आराखडा करताना आता अनेक विद्यापीठं त्यात आरोग्याचं एक प्रकरण घालतात. ही फार चांगली गोष्ट आहे. ती कागदावरच राहू नये या तळमळीने हे पत्र लिहिते आहे. मी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात काम करते. अशा समित्यांच्या बैठकांना बसले आहे, मसुदे वाचले आहेत, त्यांवर शेरे लिहिले आहेत. जवळजवळ प्रत्येक मसुद्यात एकच गोष्ट खटकते. सगळी लक्ष्यं विद्यार्थ्यांच्या माथी मारलेली असतात. विद्यार्थी रोज व्यायाम करतील, पुरेसं झोपतील, तंबाखूपासून दूर राहतील, ताण आला तर वेळेवर मदत मागतील. आणि संस्था? संस्था जनजागृती करेल, शिबिर भरवेल, पोस्टर लावेल.

माझी विनंती अशी की आरोग्याची लक्ष्यं सर्वांत आधी संस्थेच्या स्वतःच्या निर्णयांसाठी ठरवा. तासांचं वेळापत्रक, परीक्षांची आखणी, सबमिशनच्या तारखा, आरोग्य केंद्राच्या वेळा, हॉस्टेलच्या खोलीत किती जण राहणार, कँटीनच्या कंत्राटात काय लिहिणार, रात्री ग्रंथालयाकडून हॉस्टेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवे असणार की नाही, हे सगळं तुमच्या सहीने बदलतं. विद्यार्थ्याच्या हातात यातलं काहीच नसतं, आणि तरी त्याची झोप, त्याचं जेवण, त्याचं फिरणं आणि त्याची भीती यावरच ठरते.

हा विचार माझा नाही आणि नवाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ सालच्या ओटावा परिषदेत आरोग्य संवर्धनाची जी सनद मंजूर झाली, तिने कामाची पाच क्षेत्रं सांगितली: आरोग्याला पोषक धोरणं करणं, तसं वातावरण उभं करणं, समुदायाची ताकद वाढवणं, व्यक्तीची कौशल्यं वाढवणं आणि आरोग्यसेवांची दिशा बदलणं. आता आपल्या मसुद्यातली लक्ष्यं या पाच क्षेत्रांत वाटून बघा. व्याख्यानं, पोस्टर, स्पर्धा, सप्ताह, शपथ हे सगळं चौथ्या एकाच क्षेत्रात जाऊन बसतं. उरलेली चार जवळपास रिकामी राहतात. माणूस जिथे शिकतो, काम करतो, खेळतो आणि प्रेम करतो तिथेच त्याचं आरोग्य घडतं, असं त्या सनदेत म्हटलं आहे. २०१५ मध्ये कॅनडात झालेल्या परिषदेतून ओकानागन सनद आली ती तर खास विद्यापीठांसाठीच होती. तिचं पहिलंच आवाहन हे की प्रशासन, दैनंदिन कारभार आणि अध्यापन अशा कॅम्पसच्या प्रत्येक अंगात आरोग्याचा विचार मुरला पाहिजे. तिच्यावर अनेक विद्यापीठांच्या प्रमुखांनी सह्या केल्या आहेत. सही केल्यावर परीक्षा विभागाच्या बैठकीत त्या सनदेचं नाव किती वेळा निघालं, हे ज्यांनी सही केली त्यांनी स्वतःला विचारावं.

विद्यार्थ्याला मोजण्याची आपली सवय जुनी आहे. अमेरिकेतल्या अॅमहर्स्ट कॉलेजने १८६१ मध्ये एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरांना शारीरिक शिक्षण आणि आरोग्य या विषयाचे प्राध्यापक नेमलं. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या आरोग्याची जबाबदारी अधिकृतपणे अंगावर घेतल्याचं हे सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक. हिचकॉक विद्यार्थ्यांची उंची, वजन, छाती वर्षानुवर्षं मोजत राहिले. ते काम मोलाचं होतं. पण तेव्हापासून आपण विद्यार्थ्याचं शरीर मोजतो, आता मनही मोजतो, आणि त्याच्यावर लादलेला दिवस मात्र कोणी मोजत नाही. एका आठवड्यात किती विषयांची सबमिशन एकत्र येतात? सलग किती तास वर्गात बसावं लागतं? दुपारच्या जेवणाला प्रत्यक्षात किती मिनिटं मिळतात? ही माहिती तुमच्या कार्यालयात पडून आहे. त्यासाठी कोणाला प्रश्नावली पाठवायचीही गरज नाही.

झोपेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आरोग्याच्या आराखड्यात तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि संस्थेचा हात मात्र तिच्यात सगळ्यांत जास्त असतो.

पौगंडावस्थेपासून विशीच्या सुरुवातीपर्यंत शरीराचं घड्याळ पुढे सरकलेलं असतं. झोप उशिरा येते आणि सकाळी लवकर जाग येणं जड जातं. यात आळसाचा भाग नाही, हा त्या वयाचा शरीरधर्म आहे. आता त्या वयाच्या मुलांसाठी पहिला तास सकाळी आठला ठेवला की काय होतं, हे सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅम्पसच्या वाय-फायच्या आणि विद्यार्थ्यांच्या झोपेच्या नोंदींवरून पाहिलं. २०२३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. आठच्या तासाला हजेरी नंतरच्या तासांपेक्षा शंभरामागे सुमारे दहा जणांनी कमी होती. जे येत होते ते कमी झोपून येत होते आणि ज्यांच्या आठवड्यात सकाळचे तास जास्त होते त्यांची श्रेणीही खाली होती. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात २०१९ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप नोंदवणारी पट्टी बांधली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री कोण किती झोपलं याचा गुणांशी संबंध दिसला नाही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातली आणि महिन्यातली झोप किती, कशी आणि किती नियमित होती, याचा मात्र स्पष्ट संबंध दिसला. असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे मला मान्य आहे. पण 'परीक्षेच्या आदल्या रात्री लवकर झोपा' हा आपण दर सत्रात देत असलेला सल्ला किती तोकडा आहे, हे यातून कळतं. नियमित झोप सबंध सत्रभर लागते, आणि सबंध सत्राची आखणी तुम्ही करता.

सबमिशनचंच पाहा. पोर्टल रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी बंद होतं. ही वेळ कोणी विचार करून ठरवलेली नसते. सॉफ्टवेअरमध्ये ती आधीच भरलेली असते आणि बहुतेक शिक्षक ती तशीच राहू देतात. पण त्या एका वेळेमुळे शंभर जणांच्या वर्गात त्या रात्री कोणी वेळेवर झोपत नाही. काम संध्याकाळीच झालेलं असलं तरी शेवटच्या मिनिटापर्यंत फाइल उघडून बसावंसं वाटतं, कारण बाकीचेही बसलेले असतात. हॉस्टेलच्या गटात रात्री साडेअकराला धडाधड निरोप येऊ लागतात, पोर्टल अडकतं, घबराट होते, आणि एक-दीडपर्यंत कोणाचा डोळा लागत नाही. हीच वेळ संध्याकाळी पाच केली तर? कामाचा एकही गुण कमी होत नाही, अभ्यासक्रमाला धक्का लागत नाही, खर्च शून्य. शिवाय पोर्टल अडकलं तर मदत करायला कार्यालयात माणूस हजर असतो. जे विद्यार्थी दिवसा नोकरी करतात त्यांच्यासाठी तारीख एक दिवस पुढे ठेवता येते. 'पुढच्या सत्रापासून सर्व विभागांची सबमिशन संध्याकाळी पाचला संपतील आणि एका वर्गाला एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त मोठी सबमिशन येणार नाहीत' हे मला खरं आरोग्याचं लक्ष्य वाटतं. ते पूर्ण झालं की नाही हे अर्ध्या तासात तपासता येतं. 'विद्यार्थ्यांमध्ये झोपेबाबत जागरूकता वाढवणे' हे कसं तपासणार?

आता मोजमापाकडे येते, कारण चांगल्या हेतूने केलेले आराखडे इथे सर्वांत जास्त फसतात.

मसुद्यात हमखास एक वाक्य असतं: 'पाच वर्षांत अमुक गोष्टीत दहा टक्के सुधारणा.' दहाच का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य लक्ष्यांत, ज्यांचा पाया सर्जन जनरल या तिथल्या प्रमुख सरकारी आरोग्य अधिकाऱ्याच्या १९७९ च्या अहवालाने घातला, अनेक लक्ष्यांना दुसरा काही आधार नसेल तर दहा टक्के हा आकडा वापरला गेला. विद्यापीठांसाठीच्या तिथल्या लक्ष्यांवरही त्याच पद्धतीचा प्रभाव होता. आकडा निवडण्यात चूक नाही, पण त्याचा अर्थ तरी बैठकीत ठरवा. समजा आज शंभरातले चाळीस विद्यार्थी पुरेसं झोपतात. दहा टक्के सुधारणा म्हणजे चव्वेचाळीस की पन्नास? हे लिहून ठेवलं नाही तर पाच वर्षांनी जो अर्थ सोयीचा असेल तोच घेतला जातो. आणि 'आज चाळीस' हे तरी कुठून आलं? सुरुवातीची स्थिती न मोजता ठरवलेलं लक्ष्य गाठलं की हुकलं, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे पहिलं वर्ष केवळ आजची स्थिती नीट समजून घेण्यात गेलं तरी ते वाया गेलं असं समजू नका.

सर्वेक्षण करताना सगळ्यांत मोठा धोका असतो तो उत्तर न देणाऱ्यांचा. ईमेलने प्रश्नावली पाठवली, शंभरातल्या बाराच जणांनी भरली. हे बारा कोण? ज्यांना वेळ आहे ते, किंवा ज्यांना खूप त्रास होतो आहे ते. तीन वर्षांनी बक्षीस ठेवलं, शंभरातल्या तिसांनी भरली आणि आकडा सुधारलेला दिसला. तो आकडा सुधारला की फक्त भरणारी माणसं बदलली? म्हणून सगळ्यांना एक ईमेल धाडण्यापेक्षा थोडे विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यांच्यापर्यंत प्रत्यक्ष पोचा, वर्गात वेळ द्या आणि त्यातल्या बहुतेकांची उत्तरं मिळवा. दरवर्षी त्याच आठवड्यात विचारा. परीक्षेच्या तोंडावर घेतलेला आकडा आणि सुट्टीनंतर घेतलेला आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही.

गुप्ततेबद्दलही हात जोडून सांगते. 'नाव लिहू नका' म्हटलं की गुप्तता जपली असं होत नाही. प्रश्नावलीत विभाग, वर्ष, लिंग आणि राहण्याचं ठिकाण एवढं विचारलं आणि त्या विभागात तिसऱ्या वर्षाला दोनच मुली असतील, तर नाव न लिहिताही त्या ओळखल्या जातात. मुलांना हे बरोबर समजतं. मग ती खोटं लिहितात किंवा आत्महत्येच्या विचारांबद्दलचा प्रश्न कोरा सोडतात. लहान गटांचे आकडे वेगळे छापू नका. कच्ची उत्तरं विभागप्रमुखांच्या हाती जाणार नाहीत, हे प्रश्नावलीच्या वरतीच लिहा आणि पाळा. आणि इतके नाजूक प्रश्न विचारणार असाल, तर कोणी 'हो' लिहिलं तर त्याला लगेच कुठे आधार मिळेल, हे त्याच पानावर द्या.

कोणता आकडा वाढला तर चांगलं आणि कोणता घटला तर चांगलं, हेही आधी ठरवावं लागतं. समुपदेशकाकडे येणाऱ्यांची संख्या वाढली की समितीत काळजीचा सूर निघतो. पण जिथे आजवर कोणी येतच नव्हतं तिथे ती वाढणं ही विश्वासाची खूण असते. छळाच्या तक्रारींचंही तसंच आहे. 'तक्रारी निम्म्यावर आणणे' असं लक्ष्य ठेवाल, तर तक्रारी दडपणं हा ते गाठण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि कोणीतरी तो वापरेलच. अशा विषयांत त्रास किती जणांना झाला हे निनावी सर्वेक्षणातून पाहा, तक्रार किती जणांनी केली ते वेगळं पाहा. पहिला आकडा खाली यावा. दुसरा पहिल्याच्या जवळ यावा.

मानसिक आरोग्याची गरज किती मोठी आहे याबद्दल आता शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पाअंतर्गत आठ देशांतल्या १९ महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या सुमारे १४,००० विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. आयुष्यात कधी ना कधी एखाद्या मानसिक आजाराची लक्षणं असल्याचं ३५ टक्के विद्यार्थ्यांत दिसलं, मागच्या वर्षभरात ३१ टक्क्यांत. ही पहिल्या वर्षाची मुलं आहेत, म्हणजे त्यातले बरेच जण त्रास घेऊनच आपल्या दारात येतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीवरून २००५ मध्ये असंही दिसलं होतं की आयुष्यभरात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू होतात. चोविसाव्याच्या आधीची शेवटची काही वर्षं मुलं आपल्याकडे असतात.

अशा वेळी समित्या समुपदेशकांची संख्या वाढवायचं ठरवतात. वाढवाच. हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असं प्रमाण समुपदेशन सेवांच्या आंतरराष्ट्रीय मान्यता संस्थेने सुचवलेलं आहे, ते निदान डोळ्यांसमोर असू द्या. पण वर सांगितलेले आकडे पाहता सगळा भार समुपदेशकांवर टाकून भागणार नाही, हे साधं गणित आहे. साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की थोडा धोका असलेल्या मोठ्या समूहातून जितके आजारी होतात, ते जास्त धोका असलेल्या छोट्या गटातल्या आजाऱ्यांपेक्षा संख्येने अधिक असू शकतात. म्हणून सगळ्यांचाच धोका थोडा थोडा खाली आणणारे उपाय लागतात. एकाच दिवशी दोन परीक्षा न ठेवणं, निकाल ठरलेल्या तारखेला लावणं, आजारपणाच्या रजेसाठी कागदपत्रांचा ससेमिरा न लावणं, नापास झाल्यावर पुढे काय हे आधीच स्पष्ट सांगणं. या गोष्टी मानसिक आरोग्याच्या प्रकरणात कधी लिहिलेल्या दिसत नाहीत, पण रात्री दोनला मुलांच्या छातीत धडधडतं ते यांच्यामुळेच.

आणि आहे ती सेवा तरी वापरता येण्याजोगी आहे का? समुपदेशन कक्ष बऱ्याचदा विद्यार्थी विभागाच्या शेजारी असतो, कारण तीच खोली रिकामी होती. बाहेर शुल्क भरणाऱ्यांची रांग. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी. मी अनेक विद्यार्थ्यांना त्या दाराजवळच्या सूचनाफलकापुढे उभं राहिलेलं पाहिलं आहे. तिथली सूचना महिन्याभरापूर्वीची असते, ती त्यांनी वाचलेली असते. रांग कमी होण्याची ते वाट पाहत असतात. काही जण अखेर आत येतात. काही जण तास सुरू झाला की वळून निघून जातात. वेळ दहा ते पाच, आणि नेमक्या त्याच वेळात प्रात्यक्षिकं. इथे लक्ष्य कसं लिहायचं? 'कक्षाचं दार रांगेच्या समोर नसेल. आठवड्यातले दोन दिवस कक्ष संध्याकाळी आठपर्यंत उघडा राहील. पहिल्या भेटीसाठी पाच कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागणार नाही, तातडीचं असेल तर त्याच दिवशी भेट मिळेल. कक्षात घालवलेल्या वेळेची गैरहजेरी लागणार नाही.' आकडे तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदला. पण हे असं लिहा, म्हणजे वर्षअखेर कोणालाही तपासता येईल.

आत्महत्या रोखण्याचा मुद्दा वेगळा काढून सांगते. उंच इमारतींच्या गच्च्या, प्रयोगशाळेतली विषारी रसायनं, यांसारखी साधनं सहज हाती लागू न देणं हा जगभर मान्य झालेला परिणामकारक उपाय आहे. याची जबाबदारी इमारत विभागाची आणि प्रयोगशाळा प्रमुखांची आहे, म्हणून ते आरोग्य समितीत हवेत. 'मदत मागा' हा फलक लावून हे काम होत नाही.

व्यायाम, खाणं, तंबाखू यांबद्दल थोडक्यात. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे विद्यार्थ्यांना माहीत आहे. मैदान संघांच्या सरावासाठी राखून ठेवलेलं असतं आणि व्यायामशाळेत नवख्या मुलीला पाऊल टाकायला संकोच वाटतो, हे समितीला माहीत असायला हवं. ज्यांना स्पर्धेत उतरायचं नाही त्यांच्यासाठी मैदानाचे तास राखून ठेवा, चालण्याच्या वाटांना सावली आणि दिवे द्या. कँटीनचं कंत्राट पुढच्या वेळी करताना त्यात ताज्या आणि परवडणाऱ्या जेवणाची अट घाला, आणि पिण्याच्या पाण्याचे नळ चालू आहेत की नाहीत हे दर आठवड्याला तपासा. तंबाखूमुक्त कॅम्पस जाहीर करायचा असेल तर तो प्राध्यापकांच्या कक्षापासून सुरू होऊ द्या, आणि सोडू पाहणाऱ्याला औषध आणि सल्ला मिळेल याची सोय आधी करा. नाहीतर बंदीमुळे ओढणारे फक्त फाटकाबाहेर जातात. स्वच्छतागृहांबद्दल वेगळं लिहावं लागू नये, पण लागतं: पाणी, कडी, कचरापेटी आणि सॅनिटरी पॅड. दिवसभर स्वच्छतागृह टाळण्यासाठी पाणीच न पिणाऱ्या मुली मूत्रमार्गाच्या संसर्गाने आमच्याकडे येतात. त्यांना 'भरपूर पाणी प्या' हे सांगताना मला अपराधी वाटतं.

सरासरीवर विसंबू नका, हे मात्र ठासून सांगेन. एखाद्या कॅम्पसची सरासरी सुधारू शकते आणि तरीही चाकावरच्या खुर्चीतला विद्यार्थी पहिल्या मजल्यावरच्या आरोग्य केंद्रात पोचू शकत नाही. शिकता शिकता रात्रपाळी करणारे, घरातून पहिल्यांदाच कोणीतरी विद्यापीठात आलेले, भाषा नवी असलेले, मार्गदर्शकाच्या मर्जीवर ज्यांची सगळी वर्षं अवलंबून आहेत ते संशोधक विद्यार्थी, या प्रत्येकाचा आकडा निराळा पाहायला हवा, अर्थात गट पुरेसा मोठा असेल तर. आणि कॅम्पस म्हणजे फक्त विद्यार्थी नव्हेत. तासिका तत्त्वावर शिकवणारे, कंत्राटी सफाई कर्मचारी, रात्रीचे पहारेकरी हेही तिथेच राबतात. त्यांचा समावेश आरोग्याच्या लक्ष्यांत क्वचितच दिसतो. उपचारांसाठी रजा घेतली की ज्यांची मजुरी कापली जाते, त्यांना मोफत तपासणी शिबिराचं आमंत्रण देऊन काय साधणार?

लक्ष्यं थोडी ठेवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२० पर्यंतच्या दशकासाठी हजाराहून अधिक लक्ष्यं होती. २०३० साठी नवी यादी करताना मोजता येतील अशी मुख्य लक्ष्यं ३५५ वर आणली गेली. एका देशाच्या सगळ्या सरकारी यंत्रणेला जर यादी छाटावी लागली, तर एका महाविद्यालयाच्या समितीला चाळीस लक्ष्यं झेपतील का? पहिल्या तीन वर्षांसाठी पाच-सहा पुरेत. त्यातली निदान चार संस्थेच्या स्वतःच्या निर्णयांची असावीत. प्रत्येकापुढे एक पद लिहा, 'संबंधित विभाग' असं मोघम नको. परीक्षांचं लक्ष्य परीक्षा नियंत्रकांकडे, दिव्यांचं आणि गच्च्यांचं इमारत विभागाकडे, वेळापत्रकाचं अधिष्ठात्यांकडे. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे सगळं सोपवू नका, कारण त्यांचा वेळापत्रकावर काडीचाही अधिकार नसतो. त्यापुढे पैसा किती आणि कोणत्या शीर्षकाखाली, ते लिहा. त्यापुढे तारीख.

मोजतानाही तीन पातळ्या वेगळ्या ठेवा. ठरवलं ते केलं का, हे दर सत्राला कळतं. केल्यामुळे परिस्थिती बदलली का, म्हणजे भेटीसाठी थांबावं लागणारे दिवस कमी झाले का, सकाळच्या तासाची हजेरी वाढली का, हे वर्षाने कळतं. विद्यार्थी खरोखर अधिक निरोगी झाले का, हे कळायला अनेक वर्षं लागतात, आणि दरवर्षी एक तुकडी बाहेर पडून नवी येत असल्यामुळे त्याचं श्रेय कोणा एका उपक्रमाला देणं अवघडच असतं. शिबिराला चारशे जण आले ही पहिल्या पातळीवरची नोंद आहे. वार्षिक अहवालात ती तिसऱ्या पातळीवरचं यश म्हणून छापली जाते तेव्हा पुढच्या वर्षीचा पैसाही शिबिरावरच जातो. जे लक्ष्य हुकलं तेही त्याच अहवालात, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा आणि का हुकलं ते सांगा. विद्यार्थ्यांचा विश्वास त्याने वाढतो, हे मी पाहिलं आहे.

विद्यार्थी समितीत असावेत हे आता सगळे मान्य करतात. पण बैठक दुपारी अडीचला, प्रात्यक्षिकाच्या वेळी, आणि मसुदा हातात पडतो तो बैठकीतच. एक विद्यार्थी प्रतिनिधी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो आणि शेवटी त्याला 'काही सुचवायचं आहे का?' असं विचारलं जातं. त्याऐवजी मसुदा होण्याआधी, हॉस्टेलच्या जेवणघरात, वर्गाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, साधा प्रश्न विचारा: संस्थेने एक गोष्ट बदलली तर तुमचा दिवस हलका होईल, ती कोणती? मी हा प्रश्न अनेकदा विचारला आहे. ध्यानधारणेचं सत्र हवं असं क्वचितच कोणी म्हणालं. निकालाची तारीख, पाण्याचा नळ, शेवटची बस, तासांच्या मध्ये जेवायला वेळ, प्राध्यापकांनी वर्गात केलेला अपमान, ही उत्तरं पुन्हा पुन्हा येतात.

तर आपल्या समितीच्या पुढच्या बैठकीसाठी माझ्या मागण्या अशा. परीक्षा नियंत्रक आणि इमारत विभागाच्या प्रमुखांना कायम सदस्य करून घ्या. मागच्या सत्राचं वेळापत्रक आणि सबमिशनच्या सगळ्या तारखा एका कागदावर मांडून टेबलावर ठेवा आणि कोणत्या आठवड्यात किती भार येतो ते एकत्र बसून पाहा. मसुद्यातल्या प्रत्येक लक्ष्यासमोर ते पूर्ण करण्याचा अधिकार असलेल्या माणसाचं पद लिहा. ज्यासमोर फक्त 'विद्यार्थी' असं लिहावं लागेल ते बाजूला काढा आणि त्यांना ते जमावं म्हणून संस्थेने आधी काय करायला हवं, ते त्याच्या जागी लिहा. मसुदा अंतिम करण्याआधी महिनाभर सर्वांसाठी खुला ठेवा. आरोग्य केंद्रांतून आणि समुपदेशन कक्षांतून काम करणारे माझ्यासारखे अनेक जण त्या कामात हवी ती मदत करायला तयार आहेत. आम्हाला बैठकीची वेळ कळवा.

आपली,
विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातली एक कार्यकर्ती